राखणदाराची बाटली

पाहुण्यांना वायनरी दाखवावी तर मीच! काजळी नदीकाठची आमची जांभळाची वाइन, तिचा इतिहास, तिची चव... मी बोलायला लागलो की माळ घातलेला माणूससुद्धा ग्लास पुढे करतो!

फक्त प्रेमलाकाकीने कधी केला नाही. अभयकाकाने ही वायनरी उभी केली आणि जन्मभर बायकोच्या विनवण्या केल्या, "अगो, एक घोट तरी!" काकी म्हणायची, "देवाला दिवा लावत्ये मी. सरा तिकडे!" गेल्या वर्षी काका गेला. त्याच्या हातची एकच बाटली उरली होती. काल वर्षश्राद्ध झालं आणि आज सकाळी काकी म्हणाली, "विनीत, संध्याकाळी ती बाटली उघड हो. ह्यांचा एक घोट घेत्ये."

मला भरून आलं. पण तेवढ्यात पुण्याचे पाहुणे आले. मी ती बाटली उंच धरून छाती फुगवली, "ही आमची सर्वांत उत्तम बाटली!"

मागे आमचा जुना गडी गंगारामदादा ऐकत होता. नवा हंगाम धरण्याआधी राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, नदीकाठी एक बाटली द्यायची रीत तोच पाळतो.

दुपारी बघतो तर बाटलीचं कपाट रिकामं!

"दादा, बाटली?"

"दिली राखणदाराला. हात जोडून गाऱ्हाणं पण घातलं."

"सगळी ओतलीस?"

"मग काय त्याला उष्टी ठेवू?"

"अरे, पण तीच कशाला?"

"तूच बोललास ना, सर्वांत उत्तम! राखणदाराला हलकी द्यायची होय रे?"

धावत नदीवर गेलो. कातळावर ओला डाग, तोही माझ्यादेखत सुकत होता. शेजारी रिकामी बाटली.

मग माझं डोकं चाललं. घरातलं कोकमाचं आगळ पाण्यात कालवलं, त्याच बाटलीत भरलं, बूच ठोकलं. रंग हुबेहूब! जिने जन्मात वाइन चाखली नाही, तिला काय कळतंय?

संध्याकाळी काकी ठेवणीतलं पातळ नेसून पडवीत बसली. काकाच्या फोटोकडे बघून म्हणाली, "घेत्ये हो." डोळे मिटून घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"विनीत, हे माझ्या हातचं आगळ आहे."

मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिने शांतपणे विचारलं, "नदीवर ओतली? ह्यांची राख सोडली तिथेच?"

"तिथेच गं."

"मग पोचली त्यांना. पण जन्मभर घे घे म्हणाले, तेव्हा घेतली नाही रे मी. आज घेत्ये म्हटलं, तर..." तिने पदर तोंडात धरला. मीही तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडलो.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"पी आता. पाणी किती घातलंयस मेल्या! आगळ कालवता येत नाही आणि लोकांना वाइन शिकवतोस!"

प्यायलो. खरंच पांचट झालं होतं हो!