मानेची तोंडी परीक्षा

माणसानं स्वच्छ असावं, पण परीक्षेच्या दिवशी जरा बेतानं असावं, हे मला त्या एप्रिलमध्ये कळलं. (इतरांना ते आधीच ठाऊक असतं. मला सगळं पहिल्यांदा, आणि अंगावर आल्यावरच कळतं.)

झालं असं, की सकाळी नऊ वाजता मी ठरवलं, लॅपटॉप पुसून घ्यावा. बस, एवढंच. आता कोणी म्हणेल, यात काय बिघडलं? बिघडलं हे, की करोनाच्या त्या दिवसांत बल्गेरियातल्या आमच्या प्लोवदिव शहरात एकाही औषधाच्या दुकानात स्पिरिट मिळत नव्हतं. आणि आमच्या घरात सासऱ्यांनी गावाहून पाठवलेली राकिया होती, द्राक्षांची दारू, घरीच गाळलेली. सासरे म्हणाले होते, "पोटातून घ्या नाहीतर हाताला चोळा, विषाणू पाया पडत जाईल." मी फडक्यावर चांगली सढळ हातानं ओतली. पडदा पुसला, कॅमेरा पुसला, आणि बटणांच्या फटीत तर अशी मुरवली, की पाकातले गुलाबजाम लाजावेत.

"स्पास, घरात सकाळी सकाळी गुत्त्याचा वास कसला येतोय?" रुमी स्वयंपाकघरातून म्हणाली. रुमी म्हणजे रुमियाना, माझी बायको.

"निर्जंतुक करतोय."

"कोणाला? स्वतःला?"

मी पुसत राहिलो. परीक्षा असलेल्या माणसानं शांत राहायचं असतं.

हो, परीक्षा. वय वर्षं एकोणपन्नास, नोकरी पाणीपुरवठा खात्यात मीटर विभागात, आणि मी चित्रकलेचा विद्यार्थी. बहिःस्थ विद्यार्थी म्हणा, वर्षातून दोनदा तोंड दाखवायचं आणि बाकी घरी बसून शिकायचं. सगळे विषय सुटले होते, एक सोडून: 'समकालीन चित्रकार', तोंडी. त्यात मी दोनदा गटांगळी खाल्ली होती. तिसऱ्यांदा नापास झालो की नाव कायमचं कट. सहा वर्षं पाण्यात. (पाणीपुरवठ्यातल्या माणसाला हे जास्तच लागतं.) ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, इमारतीत तर जिन्यातसुद्धा लोक विचारायचे, "काय चित्रकार, कधी होताय?"

लोकांना वाटतं, समकालीन चित्रकार म्हणजे सोपा विषय. अजिबात नाही! जुने चित्रकार बरे. ते मेलेले असतात. त्यांनी जे काही काढायचं ते काढून झालेलं असतं. समकालीन माणूस जिवंत, धडधाकट. आपण त्याची शैली रात्रभर घोकावी, आणि यानं सकाळी उठून ती बदलावी. शिवाय त्यांच्यातले निम्मे पुसतात, निम्मे खरवडतात, आणि चित्राला नाव काय, तर 'विनाशीर्षक सतरा'. आता सतरा आणि अठरा यांत फरक काय, हे मी सहा वर्षं शोधतोय.

त्यात ती टाळेबंदी. घरात टेबल एकच, तेही स्वयंपाकघरात. एका टोकाला माझी पुस्तकं, दुसऱ्या टोकाला रुमीचं पीठ. तिचं हॉटेल बंद पडलेलं. एरवी ती तिथे रिसेप्शनवर असते, चार भाषा फाडफाड बोलते, आणि घरी बोलण्यासाठी एकही वाचवून ठेवत नाही. मला मोठ्यानं वाचल्याशिवाय पाठ होत नाही. त्यामुळे महिनाभर मी वाचत होतो आणि ती मळत होती.

"करडा रंग," मी घोकायचो, "काळा आणि पांढरा मिसळूनच होतो..."

"होत नाही," ती पिठावर बुक्की मारत म्हणायची. "निळ्यात नारिंगी घातलं तरी होतो. काल तूच वाचलंस."

"तेच म्हणतोय मी."

"ते म्हणत नव्हतास."

असो. अकरा वाजता परीक्षा सुरू झाली. मी कोट चढवला (वरून कोट, खाली पायजमा, त्या वर्षी सगळं जगच कमरेपर्यंत सभ्य होतं), आणि दिवाणखान्यात काचेच्या कपाटाला पाठ करून बसलो. कपाटातले स्फटिकाचे पेले मागे दिसले, की जरा घराणं वाटतं. रुमी लॅपटॉपच्या मागे, माझ्या समोर उभी राहिली.

"काही अडलं तर माझ्याकडे बघ," ती म्हणाली.

"ही कॉपी झाली!"

"मग नको बघूस. हो नापास."

पडद्यावर दोन चेहरे आले. एक आमच्या प्रोफेसर दोब्रेवाबाई. दुसरे बाहेरचे परीक्षक, हॉलंडचे हाविंगासाहेब, स्वतः नावाजलेले चित्रकार. आयुष्यभर फक्त करडी चित्रं काढलेला माणूस, आणि दिसायलाही तसाच.

"नमस्कार," मी इंग्रजीत म्हणालो.

"आवाज येत नाही," बाई म्हणाल्या.

मी ओरडलो. वरच्या मजल्यावरून कोणीतरी काठी आपटली, म्हणजे आवाज वर पोचत होता, हॉलंडला पोचत नव्हता. राकियानं मायक्रोफोनचा जीव घेतला होता. टाइप करून सांगावं, तर बटणंही चिकटलेली. मी एक बटण दाबलं, सात खाली गेली, आणि त्यातलं एकही वर आलं नाही. कागदावर लिहून धरलं, तर इतक्या जवळचं त्या कॅमेऱ्याला वाचता येईना. फोन वापरायचा नाही असा परीक्षेचा नियम.

"काही हरकत नाही," हाविंगासाहेब म्हणाले. भला माणूस. "मी हो-नाहीचे प्रश्न विचारतो. तुम्ही फक्त मान हलवा."

हे ऐकून दोब्रेवाबाईंनी काहीतरी ओरडायला तोंड उघडलं, आणि नेमकं त्याच क्षणी त्यांचं इंटरनेट गेलं. पुढची सगळी परीक्षा बाई तशाच, आ वासून, पडद्यावर थिजून राहिल्या. त्यांना काय ओरडायचं होतं ते मी समजलो. आमच्या बल्गेरियात 'हो' म्हणायला मान आडवी हलते आणि 'नाही' म्हणायला उभी. आमच्या दृष्टीनं सरळच आहे ते. बाकीचं जग उलटी मान हलवतं त्याला आम्ही काय करणार?

पण मी म्हटलं, पाहुणा माणूस आहे. आपण त्याच्या रीतीनं हलवू. होसाठी उभी, नाहीसाठी आडवी. मनाशी पक्कं केलं.

"माझं बोलणं ऐकू येतंय ना?" त्यांनी विचारलं.

मी मान उभी हलवली. हो.

साहेबांचा चेहरा पडला. "नाही येत? अरेरे."

मला काही उमजेना. नंतर समजलं, बाईंनी आदल्या दिवशीच त्यांना पत्र लिहून आमच्या माना कशा हलतात ते समजावलं होतं. म्हणजे मी त्यांच्यासाठी डच झालो होतो, आणि ते माझ्यासाठी बल्गेरियन! दोघंही सुसंस्कृत, तिथेच घोळ झाला. एक जरी उद्धट असता तर मी सुखानं पास झालो असतो.

"तुम्ही रोज चित्रं काढता?"

उभी. (काढतो हो! रोज!)

"नाही? प्रामाणिक आहात. आजचे चित्रकार लोकांना फसवतात, असं वाटतं तुम्हाला?"

छे छे! मी मान आडवी, जोरजोरात, पेले किणकिणतील इतकी हलवली.

"इतकं वाटतं?" साहेब खुर्चीत मागे सरकले. "मग माझ्याबद्दलही वाटत असेल."

मी पुन्हा आडवी हलवली. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

समोर रुमी कपाळावर हात मारत होती. ती बिचारी पहिल्यापासून घरच्या रीतीनं उत्तरं देत होती: होला आडवी, नाहीला उभी. तिच्या मते मी प्रत्येक प्रश्नाला मुद्दाम वाकडं उत्तर देत होतो. "अरे मूर्खा," ती ओठांनीच म्हणाली, "उलटं!"

उलटं! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. या माणसाला आमची रीत शिकवलीय! मग काय, मी आपला मायदेशी परतलो. आता हो म्हणजे आडवी.

पण तिकडे हाविंगासाहेबांच्याही डोक्यात त्याच मिनिटाला उजेड पडला. याला ऐकू येत नाही म्हणतो, मग उत्तरं कशी देतो? म्हणजे हा आपल्यासारखी मान हलवतोय! आणि तेही निमूटपणे हॉलंडला परतले.

"माझी करडी चित्रं पाहिलीत का?"

आडवी.

"एकही नाही?" ते क्षीण आवाजात म्हणाले. "बरं. करडा रंग काळा-पांढरा मिसळूनच होतो का?"

हा तर घोकलेला! मी उभी हलवली, नाही म्हणून. त्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून वाहून गेली. माझी मान आता माझी राहिलीच नव्हती.

"शेवटचा प्रश्न," ते फार हळू म्हणाले. "इतक्या वर्षांनंतर, अगदी खरं सांगा. या घरात एक चित्रकार राहतो, असं म्हणता येईल का?"

काय सांगू? हो म्हणावं तर लाज वाटते, नाही म्हणावं तर जीव तुटतो. आणि हो म्हणायचं तरी कसं, उभं की आडवं? मी मदतीसाठी रुमीकडे पाहिलं, तर ती बाल्कनीच्या दाराकडे बघत होती. माझी मान ताक घुसळावं तशी गोल फिरली, दोनदा, आणि मानेत कट्‌कन आवाज झाला. पडदा काळा झाला.

पुढचे दोन दिवस मी एका बाजूला बघत काढले. मान वळतच नव्हती. जेवलो नाही.

"गेलं सगळं, रुमी," मी म्हणालो. "नाव कापणार."

"कापू दे. मीटर वाचायला नाव लागत नाही," ती म्हणाली, पण माझ्या पानात कोझुनाकचा मोठा तुकडा वाढला. ईस्टरला अजून तीन दिवस होते, आणि ईस्टरच्या आधी तिनं त्या गोड पावाला कोणाला हात लावू दिल्याचं आठवत नाही. मला फार वाईट वाटलं. तिलाही वाटत होतं म्हणूनच तर.

तिसऱ्या दिवशी निकालाचं पत्र ईमेलवर आलं. मला उघडवेना. रुमीनं तिच्या फोनवर उघडलं आणि मोठ्यानं वाचलं:

"'उमेदवाराच्या मानेवरून कोणताही निष्कर्ष काढणं मला शक्य झालं नाही. मात्र त्यांच्यामागे असलेल्या कपाटाच्या काचेत एका बाईंचं प्रतिबिंब दिसत होतं. पहिल्या दोन-तीन उत्तरांतच बाईंची रीत माझ्या लक्षात आली, आणि ती शेवटपर्यंत बदलली नाही. त्यांची सगळी उत्तरं अचूक होती, करड्या रंगाचंसुद्धा.'"

"काच!" मी किंचाळलो. "कॉपी पकडली!"

"गप्प बस, पुढे ऐक. 'नियमाप्रमाणे मी हे गुण उमेदवाराला देऊ शकत नाही.'"

मी खाली बसलो.

"'परंतु शेवटच्या प्रश्नाला, या घरात चित्रकार राहतो का, याला बाईंनी क्षणाचाही विचार न करता, इतक्या मनापासून, दोनदा हो म्हटलं, की माझे डोळे पाणावले. ज्याच्याबद्दल घरच्या माणसाला इतकी खात्री आहे, त्याला नापास करणारा मी कोण? उत्तीर्ण.'"

उत्तीर्ण! मी उठलो, मानेची कळ विसरून रुमीला मिठी मारली, चक्क रडलो. सत्तावीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्या चित्राकडे बघून "हे सुलटं आहे ना?" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. आणि मनात हे होतं!

"रुमी," मी म्हणालो, "कधी बोलली नाहीस गं. तुला खरंच वाटतं मी चित्रकार आहे?"

"थांब, थांब," रुमी मला लांब करत म्हणाली. "शेवटचा प्रश्न कुठला? तो मी ऐकलाच नाही. तेव्हा बाल्कनीतून शेजारची त्स्वेताना मला काहीतरी विचारत होती."

"काय विचारत होती?"

"'दिवसभर घरात बसलेल्या नवऱ्याला कंटाळलीस का गं?'" तिनं पत्र पुन्हा एकदा नीट वाचलं. "पण मनापासून म्हटलं, हे मात्र त्यानं अगदी बरोबर ओळखलंय."