भेग जुनी आहे

वसंतकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंती बघतात, माणसं नंतर. घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळत असते आणि हे तिच्याकडे पाठ करून कोपऱ्यातल्या भेगेत नख घालत असतात. मग खिशातून छोटी बॅटरी निघते, एक डोळा मिटतो आणि निकाल लागतो, "भेग जुनी आहे." माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा काका शेजारी म्हणून हजर होते. पाहुण्यांसमोर त्यांनी आमच्या दिवाणखान्यातल्या एकेका भेगेचं वय सांगितलं. बहिणीचं वय आम्ही जरा कमी करून सांगितलं होतं, त्यामुळे मी घाईघाईने चहाचा ट्रे पुढे केला.

काका वकील आहेत. डहाणूत वकील पुष्कळ, पण हे विमा कंपन्यांचे वकील. कुणाचं काही जळलं, बुडालं, पडलं आणि त्याने भरपाई मागितली, की ती का देऊ नये हे कोर्टाला समजावून सांगायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. गावात कुणी त्यांच्याशी भांडत नाही. फक्त त्यांनी भाव विचारला की जवळच्या आगर गावच्या मासळीवाल्या टोपली झाकतात.

त्यांचा लाडका प्रश्न एकच, "मूळ कारण काय?" एका फुग्यांच्या कारखान्याचे पत्रे वादळात उडाले आणि सगळा माल भिजला. पॉलिसीत वादळ होतं, पाऊस नव्हता. आधी पत्रा उडाला की आधी पाणी आत शिरलं, यावर काका तारखांवर तारखा बोलत राहिले. घरीही तेच. दूध उतू गेलं तर दोष गॅसचा, पातेल्याचा की लक्ष नसल्याचा, हे ठरेपर्यंत ते ओटा पुसू द्यायचे नाहीत. मालतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ठरायच्या आत पुसून मोकळ्या व्हायच्या.

पुढे तलासरीच्या बाजूला भूकंपाचे धक्के बसून जमीन हलायला लागली. काकांचं काम वाढलं आणि माझंही, कारण माझं स्टेशनजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. लोक भेगा बुजवायला पुट्टी न्यायला यायचे आणि काका माझ्याच काउंटरवर टेकून त्यांना सांगायचे, भरू नका, तो पुरावा आहे. अशी किती गिऱ्हाइकं परत गेली, काही विचारू नका. पाड्यावरची माणसं पुट्टीच्या भानगडीत पडायचीच नाहीत. ती मुकाट्याने ताडपत्री न्यायची आणि अंगणात झोपायची.

तलासरीच्या एका भातगिरणीची भिंत पडली. मालक म्हणाला, धक्क्याने पडली. काका स्वतः गेले, ढिगाऱ्यातले तुकडे उलटेपालटे करून बघितले आणि एका भेगेच्या आतल्या बाजूला त्यांना रंग सापडला. आत रंग गेलाय म्हणजे भेग रंगकामाच्या आधीची, म्हणजे भिंत आधीपासूनच खिळखिळी. गिरणीवाला हरला. रंग माझ्याच दुकानातला होता.

आणि मग एका धक्क्यानंतर काकूंना त्यांच्याच खाटेच्या वर, भिंतीत भेग दिसली. त्यांनी घाबरून हाक मारली. काका बॅटरी घेऊन आले, खाटेवर चढले, डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "आत रंग आहे. जुनी आहे. यात कंपनीची जबाबदारी येत नाही."

काकू म्हणाल्या, "मी कंपनीला नाही विचारलं. तुम्हाला विचारलं."

हे मला काकूंनीच सांगितलं, पिशवी भरून रिक्षाची वाट बघताना. नाशिकला मुलीकडे निघाल्या होत्या. परत कधी येणार, असं मी विचारलं तर म्हणाल्या, ह्यांना माणसाचा आवाज ऐकू यायला लागला की येईन.

मग काका दिवसभर माझ्या दुकानात बसायला लागले. खानावळीत जेवायचे आणि थेट इकडे. पुट्टीच्या गोणीवरचा मजकूर वाचून काढला आणि तिच्या हमीत कुठे पळवाट आहे ते मला दाखवलं. काकू कधी येणार म्हटलं की "प्रकरण प्रलंबित आहे" म्हणायचे आणि पुन्हा गोणी वाचायचे. रोज फोन करायचे, पण विचारायचे काय, तर मिठाचा डबा कुठे आहे. ये, एवढंच म्हणायचं होतं, तेवढं जमत नव्हतं. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

एका दुपारी रंगाचे डबे एकमेकांवर खडखडले. आम्ही सगळे रस्त्यावर धावलो. काका माझ्या पुढे होते, चपला दुकानातच राहिल्या होत्या. त्यांनी फोन लावला.

"मालती, धक्का आला," ते म्हणाले. "हो, पळालो. घाबरलो मी." मग बराच वेळ ऐकत राहिले. "तू घाबरली होतीस आणि मी भेग बघत बसलो," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळी त्यांनी ताडपत्री घेतली. काकू उद्या येतायत, अंगणातच झोपणार म्हणाल्या, असं सांगितलं. गाठी मारायला मी सोबत गेलो. ताडपत्री ताणून झाली तेव्हा काका भिंतीकडे बघत उभे होते. त्यांनी पायाने मातीत एक रेघ ओढली आणि म्हणाले, भिंत कोसळलीच तर इथवर येईल.

अंगण अरुंद आहे. रेघेच्या पलीकडे, कुंपणाला लागून, एकच खाट मावली. ती काकूंची. दुसरी त्यांनी रेघेच्या आत, घराच्या अंगाला ओढून घेतली.

मी म्हटलं, "काका, तुमची खाट भिंतीखाली येते."

"भिंत मजबूत आहे," ते म्हणाले आणि काकूंच्या खाटेवरची चादर नीट करायला लागले.