डाळिंबी पडदा

दाराशी बॅग भरून तयार होती आणि तिला ओलांडल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं. बायकोने ती मुद्दामच तिथे ठेवली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच समुद्रावर जायचं ठरलं होतं, परवा सकाळची गाडी होती, आणि मधे आडवी आली होती बायकोची आत्या.

आत्याबाईंचं पडद्यांचं दुकान नव्या जागेत जात होतं. त्यासाठी त्यांनी भाचजावयाकडून, म्हणजे आपल्या गोष्टीतल्या फिल्म एडिटरकडून, एक छोटी फिल्म करून घेतली होती. घरचंच काम, त्यामुळे त्याला अंत नव्हता. "बाकी काही दिसलं नाही तरी चालेल," आत्याबाईंनी बजावलं होतं, "पण माझा डाळिंबी पडदा डाळिंबीच दिसला पाहिजे." बायकोला लहानाची मोठी त्यांनीच केलेली. त्यांनी हो म्हटल्याशिवाय ती घराबाहेर पाऊल टाकणार नव्हती. शिवाय एका डोळ्यातला मोतीबिंदू काढल्यापासून आत्याबाईंना समोरच्या भिंतीवरचा डागही दिसायचा, आणि तो त्या बोलूनही दाखवायच्या.

पहिली चूक एडिटरचीच होती. काम करताना एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पडदा रसरशीत डाळिंबी दिसे. फाइल बाहेर काढून साध्या प्लेअरमध्ये लावली की तोच पडदा दहादा धुतल्यासारखा विटका. घाईत त्याने सगळं चित्रच गडद करून टाकलं. मग टीव्हीवर पडदा काळाठिक्कर दिसू लागला आणि त्यासमोर उभ्या आत्याबाई अंधारात गडप झाल्या.

"मी कुठेय यात?" फोनवर आत्याबाईंनी विचारलं.

"पडद्याशेजारी."

"पडदा कुठेय?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दोष चित्रात नव्हताच. प्रत्येक फाइलला गॅमाची एक खूण असते. हे चित्र किती उजळ, किती गडद दाखवायचं ते ती सांगते. त्याची खूण चुकली होती आणि प्लेअर तिचा भलताच अर्थ लावत होता. त्याने गडदपणा काढला, खूण दुरुस्त केली, फाइल पुन्हा बाहेर काढली. मॉनिटर, बायकोचा फोन, टीव्ही, तिन्हीकडे एकच डाळिंबी. फाइलचं नाव आधी 'शेवटची' होतं, मग 'खरंच शेवटची'. आता त्याने 'शप्पथ शेवटची' असं ठेवून ती धाडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंचा फोन आला. "जावईबापू, पिवळट दिसतोय हो. मळकट."

त्याने पिवळेपणा कमी केला. दुपारी पुन्हा फोन. "आता काय निळा केलात? किती भगभगीत! थट्टा करताय का माझी?"

त्याने 'शप्पथ शेवटची' हीच फाइल परत पाठवली. त्यावर "हे चांगलंय" असा निरोप आला, आणि संध्याकाळी त्याच फाइलबद्दल "छे, पुन्हा मळकट!" असाही आला. एडिटर खुर्चीत मागे टेकला. त्याला आता राग येण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

"तू जाऊनच ये तिच्याकडे," बायको म्हणाली. तिने बॅगकडे बघितलं नाही, हेच जास्त लागलं.

लॅपटॉप काखोटीला मारून तो दुकानात गेला. आत्याबाई खुर्चीत मान मागे टाकून बसल्या होत्या. ऑपरेशनच्या डोळ्यात नुकतंच औषध घातलेलं, तो डोळा घट्ट मिटलेला, आणि दुसऱ्या डोळ्याने फोनवर फिल्म बघणं चाललेलं.

"सकाळ-संध्याकाळ या औषधाचा वेळ जात नाही हो, म्हणून बघते," त्या म्हणाल्या. "बघा, मळकट!"

"आणि दुपारी?"

"दुपारी चष्मा काढून पडते. मग जुन्या डोळ्याला कुठलं दिसतंय? नव्यानेच बघायचं."

एडिटर हताशपणे खाली बसला. मग त्याने खरा डाळिंबी पडदा उचलून त्यांच्यासमोर धरला. "आत्याबाई, आता एकदा नव्याने बघा, एकदा जुन्याने."

आत्याबाईंनी एक डोळा झाकला. मग दुसरा झाकला. "अगं बाई! पडदाच बदलला की!"

"पडदा हाच आहे. जुन्या डोळ्यावर अजून एक आहे, मोतीबिंदूचा, पिवळट. तो काढायचा राहिलाय."

आयुष्यभर पडदे विकलेली बाई खुर्चीतून उठली. मग उत्साहाने दुकानातली एकेक वस्तू दोन्ही डोळ्यांनी तपासू लागली. भिंत झाली, गल्ला झाला, शेवटी जावई समोर आला.

"जुन्या डोळ्याने तुम्ही कसे सोन्यासारखे दिसता," त्या कौतुकाने म्हणाल्या. मग हात बदलला आणि चेहराच पडला. "अहो, काय ही दशा! डोळ्यांखाली काळं, तोंड पांढरंफटक. जेवता की नाही? मला वाटत होतं चांगलं तेज आलंय तुमच्यावर!"

"काम जरा..."

"चुलीत गेलं काम. पडदा डाळिंबी आहे, मी सांगते. तुमचाच रंग उडालाय. उद्या निघा!"

आणि या प्रकरणावर असा पडदा पडला. सकाळी गाडी सुटता सुटता बायकोने दोघांचा फोटो काढून आत्याला पाठवला. जरा वेळाने उत्तर आलं. तिने ते वाचलं आणि हसत फोन त्याच्यापुढे धरला.

'दोन्ही डोळ्यांनी बघितलं. जावई अजून फिकेच आहेत. सुट्टी आठवडाभर वाढवा.'