कट्ट्यावर राहिलेला तोबरा

मंगळवार पेठेतल्या त्या अकरा माणसांच्या घरात कुठलीही गोष्ट चहाला उकळी फुटेपर्यंतसुद्धा गुपित राहत नसे. तरीही कृष्णातरावांनी कळंबा तलावाकाठच्या मुक्कामाचा बेत सलग चार दिवस दडवून ठेवला, याचं कौतुक करायलाच हवं. एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली आडवं पडून काढल्यावर ते महिन्यापूर्वीच निवृत्त झाले होते. निरोप समारंभात मिळालेल्या डायरीच्या पहिल्या पानावर त्यांनी यादी लिहिली होती. छोटा तंबू, स्टोव्ह, चहाचं सामान, दोन घोंगडी, दोन घोडी. माणसंही दोनच, ते आणि बनाबाई.

घोड्यांचं कारण जुनं होतं. लग्नाच्या वरातीत कृष्णातराव ऐटीत घोड्यावर बसले होते आणि नवी नवरी मागच्या जीपमध्ये, सासूबाई आणि आहेराची भांडी यांच्या मधल्या फटीत. "मलाबी घोड्यावर बसायचं हुतं," घरी आल्यावर बनाबाई हळूच म्हणाल्या होत्या. "बसवतो की," असं कृष्णातराव म्हणाले आणि तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली. पुढची तीस वर्षं कुणी ना कुणी हाक मारतच राहिलं. नवरा-बायकोचं बोलणं दळण, रॉकेल आणि कुणाचा तरी ताप यांच्यापुढे कधी गेलंच नाही. एक संध्याकाळ बायकोजवळ निवांत बसायचं आणि दिलेला शब्द पाळायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पाचव्या दिवशी मागच्या गल्लीतला आकाराम दारात आला. वरातीला घोडी देण्याचा त्याचा धंदा. कट्ट्यावर कृष्णातरावांचे थोरले बंधू बाळासो पेपर वाचत बसले होते.

"बाळासो, वरात किती वाजता काढायची? आन् नवरदेव कोण?"

"कसली वरात गा?"

"किसनाआण्णांनी परवासाठी दोन घोडी सांगितल्यात की. झुली घालून आणू का साधीच?"

"किसना!" बाळासोंच्या हाकेनं समोरच्या घरातले दोघंही बाहेर आले. कृष्णातरावांना सगळं सांगावं लागलं.

"कळंब्याला? रातभर?" बाळासोंचा चेहरा पडला, कारण कळंबा म्हटलं की त्यांना आधी तिथला तुरुंगच आठवायचा. "अरं, असं केलंस तरी काय तू?"

"तुरुंगात न्हवं दादा, तलावावर."

थोरल्या वहिनी धोंडुबाई हात पुसत बाहेर आल्या. "दोघंच जाणार? आन् आमी काय पाप केलंय?"

याचं उत्तर कृष्णातरावांजवळ होतं, पण थोरल्या वहिनींना उत्तर द्यायची त्या घरात पद्धत नव्हती.

दोघांच्या तंबूत अकरा माणसं मावेनात, म्हणून मांडववाल्याचा मोठा तंबू ठरला. एवढा तंबू काय नुसत्या चहासाठी उभारायचा, म्हणून मटण ठरलं. मटणामागोमाग तांबडा रस्सा आला, पांढरा आला आणि मिक्सरवर धोंडुबाईंचा काडीचा विश्वास नसल्यामुळे पाटा-वरवंटाही आला. खाली झोपलं की बाळासोंची कंबर धरते, म्हणून गाद्या. गाद्यांना ओल लागू नये, म्हणून ताडपत्री. टेम्पो सांगितला तेव्हा कृष्णातरावांनी डायरी मिटून ट्रंकेत ठेवून दिली.

ते साल दोन हजार तीन. बाळासोंनी नुकताच मोबाईल घेतला होता आणि तो पट्ट्याला लटकवून ते टेम्पो भरायचे हुकूम सोडत होते. तेवढ्यात आकाराम चंदीचं, म्हणजे घोड्यांच्या दाण्याचं पोतं आणि तो दाणा भरून त्यांच्या तोंडाला बांधायचे दोन तोबरे घेऊन आला.

"हे आदी ठेवा. सांजच्याला सहाला तोबरा तोंडाला लागला पायजे. त्येंच्या डोक्यातच घड्याळ हाय. चंदी न्हाय मिळाली तर कुणाच्या बापाचं ऐकत न्हाईत."

"ठेवतो, ठेवतो, तू हो फुडं," बाळासो म्हणाले आणि त्या जागेत त्यांनी कॅरम बोर्ड सरकवला. पोतं आणि तोबरे कट्ट्यावरच राहिले.

दुपारी तलावाकाठी जत्रा भरली. पोरं ओरडत होती, कॅरमवर भांडणं जुंपली होती, बाळासो मोबाईलला रेंज मिळते का ते बघत चहूकडे फिरत होते. बनाबाई पाट्यावर मसाला वाटत बसल्या होत्या. घरी समोर भिंत असायची, इथं पाणी होतं, एवढाच काय तो फरक. कृष्णातरावांना बायकोची ती वाकलेली पाठ दिसली. ते ताडकन उठले.

"बना, चल."

"अवो, मसाला..."

"वयनी वाटतील की."

असं वाक्य त्या घराण्यात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. त्या धक्क्यानंच बनाबाई उठल्या. चवीपुरता म्हणून तिसऱ्यांदा रस्सा घेतलेला आकाराम म्हणाला, "जावा की, बांधावरनं फिरून या. लई गरीब हाईत." पांढऱ्या राणीवर बनाबाई पालथ्या पातेल्यावरून चढल्या, तांबड्या बादलवर कृष्णातराव. तेव्हा पावणेसहा वाजले होते.

बांधाच्या टोकाला दोन्ही घोडी थांबली, कान टवकारले आणि वळली. वळली ती तंबूकडे नव्हे, शहराच्या रस्त्याला.

"अवो, इकडं कुठं? लगाम वढा की!"

"वढतोयच की! ऐकतंय कोण?"

"घोडी उधळली!" धोंडुबाई किंचाळल्या. खरं तर ती उधळली वगैरे नव्हती. सहाच्या ठोक्याला कारकून कचेरीतून निघतात तितक्याच बेतानं, पण तितक्याच पक्क्या निश्चयानं ती घराकडे निघाली होती. बाळासो दहा पावलं मागे धावले, पण तेवढ्यात पांढरा रस्सा उतू जायला लागला म्हणून परतले.

घोड्यांच्या अंगावर वरातीच्या जरीच्या झुली तशाच होत्या. त्यामुळे रिक्षावाले आपण होऊन बाजूला व्हायचे. वाटेतल्या संभाजीनगर वस्तीजवळ एका पानपट्टीवाल्यानं ओरडून विचारलं, "पावणं, वरात कुणाची म्हणायची?"

"आमचीच!" कृष्णातराव ओरडले.

"आन् नवरीबी घोड्यावर?"

"तीस वर्सांमागची र्‍हायलीती!"

आयाळ घट्ट धरून डोळे मिटून बसलेल्या बनाबाईंनी हे ऐकून डोळे उघडले आणि खदखदून हसल्या. घरात त्या नेहमी पदर तोंडाला लावून हसायच्या. आपल्या बायकोचं हसू एवढं मोठं आहे हे कृष्णातरावांना पहिल्यांदाच कळलं आणि त्यांनी लगाम ओढायचं सोडून दिलं.

घोडी मागच्या गल्लीतल्या आपल्या तबेल्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. दोघांनी त्यांना आपल्या कट्ट्यापाशी आणलं, पोतं सोडलं आणि तोबरे बांधले. किल्ली बनाबाईंच्या कमरेलाच होती, कारण घराला शेवटचं कुलूप नेहमी त्याच लावायच्या. आत पाऊल टाकताच त्या थबकल्या.

"हे घड्याळ वाजतंय व्हय?"

भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. त्या घरात ते कधी कुणाला ऐकूच आलं नव्हतं.

चहा करून दोघं कट्ट्यावर बसली. दळण, रॉकेल, ताप यांतलं काहीच निघालं नाही. मग माणसं काळजी करतील म्हणून दोघं कोपऱ्यावरच्या कॉइन बॉक्सपाशी गेली. बाळासोंनी साऱ्या घराकडून पाठ करून घेतलेला नंबर कृष्णातरावांनी फिरवला. बाळासोंना एव्हाना कुठंतरी रेंज सापडली होती.

"किसना! कुठं हाईस? पडलाबिडला न्हाईसा न्हवं?"

कृष्णातरावांनी बायकोकडे पाहिलं. "न्हाय दादा, ठीक हाय. पर घोडी लई लांब घेऊन आल्यात. अंधारात परत फिरायची न्हाईत. आता सकाळलाच येतो."

पलीकडे फोन आकारामनं घेतला आणि आवाज खाली आणला. "आण्णा, तोबरं बांधलासा?"

"बांधलं."

"झ्याक," आकाराम म्हणाला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "लई लांब गेल्यात म्हणं! आता सकाळबिगर काय खरं न्हाय! वयनी, जरा तांबडा वाढा!"

कृष्णातरावांनी फोन ठेवला. बनाबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे रोखून बघत होत्या.

"खोटं बोललासा."

"व्हय."

"थोरल्या भावासंगं."

"व्हय," कृष्णातरावांनी मान खाली घातली.

"मग सकाळ कशाला म्हणलासा?" बनाबाई म्हणाल्या. "परवा म्हणायचं की!"