शेवटचा फेटा कुणाला?

पोराच्या साखरपुड्यात आष्ट्याच्या भाऊसोंना दोनच गोष्टींची धास्ती होती: जेवण कमी पडण्याची आणि लालासाहेब रुसण्याची. जेवणाचं एक वेळ निभावलं असतं. लालासाहेब म्हणजे नवरीचे, अपेक्षाचे मामा, माण तालुक्यातले रिटायर सुभेदार. मागं एका सोयरिकीत फेटा दुसऱ्या नंबरला बांधला म्हणून त्यांनी ठरलेलं लग्न मांडवातच मोडलं होतं.

म्हणून मानाचे फेटे कुणाला आणि कुणाच्या मागून, ते भाऊसो पोराला आठवडाभर सांगत होते. सकाळी चहावर सांगायचे, दुपारी मळ्यातून फोनवर पुन्हा सांगायचे, आणि दर वेळी सुरुवात लालासाहेबांपासूनच. शेवटाला गुंडा आचारी, कारण त्यालाही वाईट वाटायला नको.

पोरगा, ऋषिराज, घरी बसून पुण्याच्या कंपनीचे प्रोग्रॅम लिहायचा. नावं पडद्यावर झळकवायची, असं त्यानं ठरवलं. भाऊसोंनी दर वेळी सांगितलेलं तो लिहीत गेल्यानं यादीत एकेक नाव तीनतीनदा आलं होतं, पण दुबार नावं काढून टाकणारी आयती मेथड त्याच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होतीच. अपेक्षाही त्याच धंद्यातली. तिनं फोनवर विचारलं, "त्या मेथडचं डॉक्युमेंटेशन वाचलंस का?"

"उदाहरण बघितलं की. लय झालं तेवढं."

उदाहरणाच्या खाली एक ओळ होती, की ही मेथड वापरल्यावर क्रम आधीसारखा राहीलच याची हमी नाही. पण डॉक्युमेंटेशनचं मंगलाष्टकांसारखं आहे, शेवटपर्यंत कुणाचं लक्ष नसतं. ऋषिराजनं दोनतीन नावं घालून बघितली, ती नशिबानं ओळीत आली आणि पठ्ठ्या निर्धास्त झाला.

निवेदक मिरजेहून आणलेला. त्याला सोयरेधायरे ठाऊक नव्हते, पडद्यावर येईल ते वाचायचं एवढंच त्याचं काम. त्यानं घसा साफ केला आणि पहिला मान पुकारला गुंडा आचाऱ्याचा. गुंडा झारा हातात घेऊनच स्टेजवर आला आणि फेटा बांधून घेताना रडला. पाठोपाठ मंडपवाला. त्याच्यामागून भाऊसोंच्या चुलत साडूचा मेहुणा, ज्याला खुद्द भाऊसोही नीट ओळखत नव्हते. ऋषिराजनं घाईघाईनं यादी खाली सरकवून बघितली, तर मामा सगळ्यात शेवटी.

लालासाहेब उठले आणि चपला शोधायला लागले. "चला रं," ते आपल्या माणसांना म्हणाले, "आमचं हितं काय काम न्हाई."

अपेक्षानं निवेदकाच्या हातातून माईक घेतला. "मामा, पलटणीत आधी कोण जेवतं?"

"जवान."

"आन साहेब?"

"शेवटी," लालासाहेब सवयीनं बोलून गेले आणि थबकले. मिशीखाली हसू फुटलं. पायातली चप्पल काढून ते परत खुर्चीत टेकले. "भाऊसो, मानाची जाण हाय बरं का तुमाला."

भाऊसोंना आपण काय केलं ते कळलं नव्हतं, पण त्यांनी हात जोडले.

तेवढ्यावर निभावतं, तर मग काय पाहिजे होतं. पण मांडवातल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं. पुढचं नाव ऋषिराजच्या थोरल्या चुलत्यांचं, नानासोंचं आलं आणि ते जागचे हलेनात. "मी काय जवान हाय व्हय? सुभेदारांच्या मागनं बांधा मला." त्यांच्यानंतरचे सयाजीराव म्हणाले, नानासोंच्या मागनं. तिकडं मनुबाई आत्यांनी आपली ओटी सगळ्यात शेवटी भरा म्हणून पदर आवरून घेतला. फेटेवाला कापड धरून ताटकळला, मुहूर्त टळायला आला, आणि भटजींनी तर पंचांग मिटून पिशवीत घातलं. शेवटी लालासाहेबांनीच खड्या आवाजात "सावधान" असा हुकूम सोडला. निम्मा मांडव फौजेतून आलेला, खाडकन उभा राहिला. तेवढ्यात फेटेवाल्यानं दिसेल त्या डोक्याला फेटा गुंडाळला आणि अंगठ्या एकदाच्या बोटांत गेल्या.

निघताना लालासाहेबांनी भाऊसोंना बाजूला घेतलं. लग्नातही हीच पद्धत ठेवा म्हणाले, फक्त त्यांच्याकडच्या सगळ्या भावकीला शेवटचा मान पाहिजे होता. भाऊसोंच्या भावकीनं तो आधीच मागून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ऋषिराजनं डॉक्युमेंटेशन अथपासून इतिपर्यंत वाचलं, टिपांसकट. मग अपेक्षाला फोन लावला. "सगळ्यांना शेवटी ठेवायची मेथड कुठंच न्हाई गं."

"मग रजिस्टर लग्न करू. तिथं नुसते तीन साक्षीदार लागतात."

ऋषिराजनं दोन्हीकडची भावकी बोटांवर मोजून बघितली.

"तिसरी सही कुणाची?"