मॅडमच्या थर्मासमधली कॉफी

दोन मिनिटांत कॉफी करावी तर ती मीच! अख्ख्या नगरमध्ये माझा हात धरणारा कुणी नाही. मी भीमराज, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला शिपाई. त्या दिवशी ज्ञानेश्वरी मॅडमची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. पुण्याहून मोठे सर आलेले आणि सकाळपासून लाईट गायब! तेवढ्यात टेबलावर मॅडमचा थर्मास दिसला. आत वाफाळतं पाणी! सर दोन कप प्यायले, उरलेला कप मी संपवला.

मॅडम आल्या, थर्मास हलवला आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"भीमराज, यातलं पाणी?"

"कॉफीत गेलं, मॅडम."

"अरे, त्यात माझे जंतू होते! साखर कारखान्याच्या गरम टाकीतले! बाकीच्या बाटल्या गार पडल्या, एवढेच जिवंत उरले होते. पाच वर्षांची मेहनत!"

हात भाजेल अशा पाण्यात जे मजेत राहतात, ते पोटात काय धिंगाणा घालतील! घाबरून बायकोला फोन लावला.

"सुरेखा, पोरांना सांभाळ गं!"

"भरदुपारी काय पिऊन बसलाय?" तिनं फोन आपटला.

इतक्यात सर रुमालानं तोंड पुसत आत आले. "कॉफी फक्कड! आता जंतू दाखवा. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करत नाही."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मला राहवेना. मी हात जोडले.

"जंतू हायेत, सर. दोन कप तुमच्याकडं, एक माझ्याकडं."

सर मटकन खुर्चीत बसले. "मॅडम, मी... मी वाचेन ना?"

"माझ्या प्रबंधात तेच तर आहे, सर!" मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "पिढ्यानपिढ्या उकाड्यात राहून यांच्या अंगाभोवतीचं पटल घट्ट झालंय, म्हणून ते तिथं वितळत नाही. आपलं पोट म्हणजे त्यांना कडाक्याची थंडी. तूप थिजतं तसं पटल थिजतं. ते वाढूच शकत नाहीत."

"नक्की?"

"प्रबंध खरा असेल तर नक्की. तुम्हाला शंका असेल तर..."

"छे छे! शंका कसली?" सरांनी इतक्या घाईनं सही केली की ती ओळीखाली घसरली. वर स्वतःहून त्यांनी 'अत्यंत विश्वासार्ह' असंही लिहिलं.

माझाही मॅडमवर पूर्ण विश्वास आहे हो! तरी आठवडाभर मी फक्त फ्रीजमधलं ताक पीत होतो.