भिवा आचारी खुनी निघाला, त्या आठव्या पोथीची हकीकत

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवून, वाग्देवीस दोन फुले वाहून, आणि वाचावयास नेलेली पोथी ज्यांणी आजवर परत केली नाही त्यांसही मनोमन क्षमा करून, गादीचे साल एकोणसाठावे, पौष वद्य पंचमी, ते दिवसापासोनची हकीकत लिहितो ती ऐसी जे, राज्य थोर, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, गड सात, नद्या दोन, आणि शत्रू म्हणावा तर तो दोन पिढ्यांमागेच कंटाळून आपले मुलखी निघोन गेला. मग रयतेने करावे काय? लोक वाचनास लागले, आणि वाचनातही छंद एकच लागला, तो हैबती जासुदाच्या पोथ्यांचा. दर साली पौषात नवी पोथी निघावी, पोथीशाळेत तिच्या सात नकला व्हाव्या, गडोगडी एकेक जावी, आणि चावडीत एकाने वाचावी व अवघ्या गडाने ऐकावी, ऐसा रिवाज. शेवटले पान येण्यापूर्वी जो गुन्हेगाराचे नाव अचूक सांगेल त्यास वर्षभर चावडीत लोडाशी बसण्याचा मान. या लोडापायी भावाभावांत अबोले जाहले आहेत, दुसरे काय सांगावे. आणि पोथी संपली की आठ दिवसांत गडाने आपला अभिप्राय दरबारी लिहून धाडावा, तो दफ्तरी जपून ठेवितात.

हैबती कैसा, तर उंच, अबोल, चोराच्या नुसत्या चालीवरून चोर ओळखणारा. आणि त्याजबरोबर सदा भिवा आचारी, अंगाने स्थूल, आपल्या भांड्यांशी बोलणारा, आणि घरास आग लागली तरी आधी भांड्यावर झाकण ठेवील आणि मग पळेल ऐसा नेटका. हैबतीने चोर धरावा आणि भिवाने पिठले-भात करावा आणि सर्वांनी जेवावे, येणेप्रमाणे सात पोथ्या संपल्या. त्यांत हत्ती हरवला, नथ चोरीस गेली, नगाऱ्याचे कातडे कोणी कापिले, परंतु कोणाच्या जिवास धक्का लागला नाही. हैबतीवर लोकांची भक्ती होती, पण जीव होता तो भिवावर.

या पोथ्यांचे कर्ते विसाजीपंत कथानवीस, वय एकसष्ट, गुडघे दुखरे, स्वभाव गोड. त्यांचा एक मित्र होता, अंतोबा कोठावळे, तेहतीस सालांचा स्नेह, एका पंगतीस जेवण, एकमेकांच्या घरी न विचारता जाणे. त्या अंतोबाने अकरा सालांमागे एके दिवशी रागाचे भरात कोठीचा कारकून विहिरीत लोटिला. कारकून मेला, अंतोबास देहदंड जाहला, आणि त्या दिवसापासोन राज्यात त्याचे नाव कोणी घेतले नाही, विसाजीपंतांनीही नाही. मात्र घास उचलिताना त्यांस रोज तो आठवे. असा हसतमुख माणूस असे करितो कसे, हा सवाल त्यांच्या उरात काट्यासारखा राहिला, आणि अकरा साले होता होता तो आठव्या पोथीत उतरला.

पोथी उतरली ती अंधारी. आरंभीच चाळीस पाने पाऊस आणि चिखल, मग विहिरीत एका कारकुनाचे प्रेत, मग हैबती हिंडतो आहे आणि ज्याच्यावर संशय घ्यावा तो निर्दोष निघतो आहे, आणि शेवटी गुन्हेगार कोण, तर भिवा आचारी. हैबती त्यास कोतवालाचे हवाली करितो. परंतु त्याआधी तो आपल्या हाताने चूल पेटवून, जन्मात कधी न थापलेली भाकरी थापून, अर्धी करपवून, ती भिवास खाऊ घालितो, आणि पोथी तेथेच संपते. पंतांनी लेखणी खाली ठेविली आणि ते रडले. मग देवापुढे बोलिले कीं, अंतोबाची बहीण राहीबाई सातव्या गडावर राहते, ती चावडीत बसून ही पोथी ऐकेल, तिने ऐकून तोंड फिरविले तर ही लेखणी नदीत टाकीन आणि पुन्हा ओळ लिहिणार नाही. स्वतः जाऊन तिला आधी सांगावे, इतके धैर्य मात्र त्यांस जाहले नाही. माणूस कागदावर शूर असतो, समोरासमोर नसतो.

नकला गेल्या आणि अभिप्राय येऊ लागले, ते ऐसे. पहिल्या गडाने लिहिले कीं, आठांत ही पोथी उत्तम, वाचणाराचा आवाज फुटेना, पाणी पिऊन पुन्हा आरंभ करावा लागला. दुसऱ्या गडाने लिहिले कीं, पंतांस काय जाहले, आम्ही दिवसभर राबून चावडीत येतो ते रडावयास काय, आमचा भिवा आम्हांस परत द्यावा. तिसऱ्या गडावर किल्लेदाराने आपल्या आचाऱ्यास प्रथम घास स्वतः खाण्याचा हुकूम केला, तो आचारी रुसलेल्या सासुरवाशिणीसारखा निघोन गेला, आणि सारा गड चार दिवस कच्चा भात खात पंतांस बोल लावितो. चौथा म्हणे, चिखल फार. पाचव्यावर एक कासारीण तिसऱ्या अध्यायातच भिवाचे नाव बोलिली आणि लोड जिंकून बैसली, तिला पोथी बहुत आवडली, बाकी कोणास नाही. सहावा म्हणे, गोष्ट खरी आहे, पण लेकराबाळांसमोर वाचू नये, आणि ती दुसऱ्यांदा ऐकण्याची आमची छाती नाही, तरी नक्कल परत मागू नये. पंत हे सर्व वाचीत, कोठे सुखावत, कोठे खट्टू होत, परंतु जीव टांगलेला सातव्या गडावर.

त्या गडाचा अभिप्राय आठव्या दिवशी आला. लिहिले होते कीं, पोथी ऐकून बहुत आनंद जाहला, भिवा निर्दोष सुटला, सर्वांनी पिठले-भात खाल्ला, आम्हीही त्या संध्याकाळी तोच बेत केला. पंतांनी तो कागद तीनदा वाचिला, उलटा करून पाहिला, आणि मग पोथीशाळेत जाऊन सातवी नक्कल कोणी केली म्हणोन पुसिले. केली होती धोंडभटांनी. हे धोंडभट अक्षराने मोती आणि मनाने लोणी, परक्याच्या लग्नातही मुलगी सासरी निघाली की हे डोळे पुसावयास पदर शोधीत फिरणार. ते खाली मान घालून बोलिले कीं, "पंत, अपराध कबूल. ती बाई त्या चावडीत बसते. शेवटची पाने लिहावयास घेतली आणि मजसमोर तिचा चेहरा आला. मग माझा हात चालेना."

पंत बोलिले, "मग कारकुनास मारिले कोणी?"

धोंडभट बोलिले, "एका बैराग्याने."

पंत बोलिले, "कोण बैरागी? माझ्या पोथीत बैरागी नाही."

धोंडभट बोलिले, "शेवटल्या पानावर येतो. मारितो, कबूल करितो, आणि काशीस जातो."

हे ऐकून पंतांची तळपायाची आग मस्तकी गेली. इतका वेळ दुःख होते ते बाजूस राहिले आणि कारागिराचा संताप उसळला. "शेवटल्या पानावर बैरागी," ते म्हणाले, "चाळीस साले लिहितो आहे, असे पाप माझ्या हातून जाहले नाही. लोडासाठी जिवाचे रान करणाऱ्या माणसांस तुम्ही काशीचा बैरागी दाखविला?" धोंडभट ऐकून घेत होते. मग त्यांणी मान वर केली आणि हळूच बोलिले, "माझे चुकले. परंतु पंत, तुमचेही चुकले. ती पाने चावडीत परक्याच्या तोंडून तिच्या कानी घालावयाची नव्हती. तुम्ही स्वतः जावयाचे होते." यावर पंत तसेच मागे फिरले. घरी आले, मूळ खर्डा रुमालात बांधिला, आणि दुसरे दिवशी उजाडताच तट्टावर बसोन सातव्या गडाकडे निघाले. वाट दोन दिवसांची, तट्टू आडमुठे, आणि गुडघे बोंबलत होते.

भर दुपारी गडावर पोचले तो राहीबाई अंगणात सुपाने जवस पाखडीत होत्या. अकरा सालांत केस पांढरे जाहले, बाकी तीच ताठ मान. त्यांणी वर पाहिले आणि म्हणाल्या, "या पंत. खरी पोथी आणलीत, की बैराग्याचीच?"

पंत उभेच राहिले. मग त्या म्हणाल्या, "बसा आधी. अहो, तिसऱ्या अध्यायात भिवा ताकाचे भांडे उघडे टाकून गेला. सात पोथ्यांत त्याने कधी झाकण विसरले नाही. मी तेव्हाच ओळखले. आणि मग शेवटी हा कोण कुठला बैरागी आला. सगळी चावडी टाळ्या पिटत होती, आणि मी आपली बसले मनाशी म्हणत, की पंतांनी माझ्यावर दया केली. दोन दिवस मला जेवण गेले नाही. रडू आले असते तर बरे, दया कशाला?"

पंतांनी रुमाल सोडिला आणि खरी पाने वाचावयास घेतली. वाचता वाचता एके ठिकाणी थांबले, आणि राहीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकविला, आणि पुन्हा वाचू लागले. हैबतीने भाकरी करपविली आणि भिवाने ती खाल्ली, तेथवर आले आणि संपले. बाईंनी सुपातला एक खडा वेचून टाकिला. मग म्हणाल्या, "त्याला जेवू घातलंत."

पंत म्हणाले, "बाई, मी गेलो नव्हतो. तेहतीस सालांचा मित्र, कैदेत चार दिवस होता, कोठडी माझ्या घरापासून हाकेवर, आणि मी गेलो नाही. मला भीती वाटली, लाज वाटली, लोक काय म्हणतील हेही वाटले. म्हणून हैबतीस धाडिले."

"मी तरी कुठे गेले?" राहीबाई म्हणाल्या. "मी त्याची सख्खी बहीण. दार लावून बसले होते." मग त्यांणी डोळे पुसले, सूप बाजूस ठेविले आणि उठल्या. आत जाऊन भाकरी आणि कांदा घेऊन आल्या आणि वर चटणी वाढिली. "खा," म्हणाल्या, "जवसाची आहे. अंतोबाला हिच्यावाचून घास उतरत नसे." अकरा सालांत त्या घरी ते नाव प्रथमच उच्चारले गेले. पंत जेवले, दोनदा मागून घेऊन जेवले, आणि दोघे मिळून दिवस कलेपर्यंत अंतोबाच्याच गोष्टी बोलत बसले. त्याने एकदा पंतांचा जोडा लपविला होता ती गोष्ट निघाली तेव्हा बाई पदर तोंडास लावून हसल्या. मेलेल्या कारकुनाचीही गोष्ट निघाली, त्याच्या बायकोस राहीबाई दर सणास घरी बोलावितात हे पंतांस तेव्हा कळले.

दुसरे दिवशी सकाळी चावडीत खरा शेवट पंतांनी स्वमुखे वाचिला. राहीबाई सर्वांपुढे बसल्या होत्या, म्हणोन कोणाचे बोलण्याचे धाडस जाहले नाही, आणि त्या उठून गेल्यावर मात्र जो कल्ला जाहला तो विचारू नका. निम्मे म्हणाले, हेच खरे. निम्मे म्हणाले, बैरागी बरा होता. पंत हे ऐकत शांतपणे तट्टावर बसले. तट्टू उतारावर अडले तरी त्यांस राग आला नाही.

एवं या पोथीचा निवाडा इतकाच कीं, ती कोणास रुचली, कोणास रुचली नाही, आणि त्यावरून गडोगडी अद्याप वाद आहे. धोंडभट पोथीशाळेतच आहेत, त्यांणी सातवी नक्कल पुन्हा लिहिली आणि लिहिताना कागदावर दोन ठिकाणी शाई पसरली आहे ती तशीच राहू दिल्ही. किल्लेदाराचा आचारी समजूत काढून परत आणिला. विसाजीपंतांची लेखणी नदीत गेली नाही. आणि दफ्तरी सातव्या गडाचा जुना अभिप्राय खोडून त्याखाली राहीबाईंच्या हातचा नवा आहे, तो वाचणाराने वाचावा: "भिवाला जेवू घातलेत, बरे केलेत. चिखल फार."